परातेची शिल्लक मुळी

कॅसेट चढायला लागली की पराते आम्हाला खोलीबाहेर काढायचा. त्याच्या घरचा तो रिवाजच होता. मेहुण्यानं आखातातून आणलेला, टीव्हीला जोडायचा एक लहानसा कॉम्प्युटर त्याच्याकडे होता. त्यातला खेळ गाण्यांची असते तसल्याच कॅसेटवर यायचा आणि टेपरेकॉर्डर लावून तो मशीनमध्ये चढवावा लागायचा. त्याला चहा उकळून पिऊन होईल इतका वेळ लागे आणि तेवढा वेळ टेपरेकॉर्डर नुसता किरकिरत राही. पराते दार लोटून घ्यायचा आणि आतून सांगायचा, "माणसाच्या अंगात वीज असते गा. चार जण जवळ उभे राहिले तं कॅसेट बिघडते."

आता आम्ही सगळे कोराडीच्या वीज वसाहतीतले. पराते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर, मी स्टोअरमध्ये, दामले हिशेब खात्यात. विजेच्या जिवावर जेवणारी माणसं आम्ही, पण अंगातली वीज कॅसेटला कशी काय बाधते, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. उलट दामल्यानं एकदा मोठ्या काळजीनं विचारलं होतं, की मी रबरी चपला घालून बसलो तर चालेल का. पराते म्हणाला, रिस्क कशाले घ्यायची.

आम्ही ऐकलं, कारण सांगणारा पराते होता. सावध माणूस म्हणजे कसा, हे वसाहतीत कुणाला दाखवायचं असतं तर लोकांनी त्याच्याकडेच बोट केलं असतं. नागपूरच्या बसमध्ये तो कायम दाराजवळच्या सीटवर बसायचा. कुणाच्या घरी गेला की आधी मागचं दार कुठे आहे ते पाहून घ्यायचा, मग पाणी मागायचा. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायचा, काचेला ओरखडा नको म्हणून. आणि कुठलीही गोष्ट तो संपवत नसे. संत्रं सोललं की अर्ध्या फोडी पुन्हा सालीत गुंडाळून खिशात. त्याच्या घरचं मटण म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी काढणारं असायचं. आम्ही रस्सा ओरपत असताना हा दोन घास भुकेला उठायचा आणि हात धुता धुता म्हणायचा, "थोडं शिल्लक पायजे. सगळं संपवलं का माणूस फसला."

एकदा नाल्याजवळ पिसाळल्यासारखं एक कुत्रं आमच्या अंगावर आलं. मी पळालो. पराते पळाला नाही. कुत्र्याकडे तोंड ठेवून तो एकेक पाऊल मागे सरकत गेला आणि खिशातून अर्धं संत्रं काढून बाजूला फेकलं. कुत्रं हुंगायला वळलं तेवढ्यात हा पुलाच्या कठड्यावर. मला मात्र पोटरीला दात लागले. इंजेक्शनं घेऊन आलो की रोज दारात उभा राहून हा विचारायचा, "काय शिकला मंग?"

अशा माणसाच्या हातात तो खेळ पडला.

खेळ असा. तुमचा एक वीर असतो. सुरुवातीला त्याच्या हातात गंजकी तलवार आणि अंगात बेताचा जीव. तो माळावर निघतो, उंदीर मारतो, मग लांडगे, मग नाव घेता येणार नाही असली जनावरं. जितकी मारेल तितकी त्याची ताकद वाढते. मार बसला की जीव कमी होतो आणि वाटेत सापडलेली औषधी मुळी खाल्ली की पुन्हा भरतो. आज जिथे थांबलात तिथला वीर आपल्या स्वतःच्या कॅसेटवर उतरवून ठेवायचा आणि पुढच्या रविवारी तिथून निघायचं. परातेच्या वीराचं नाव शंभू. दामल्याच्या वीराचं नाव तात्या.

पहिली कॅसेट परातेनं आम्हाला हाताला धरून पार करवली. आम्हाला घाई असायची गुहेत शिरायची. तो म्हणायचा, उंदीर मारा. तास तास आम्ही उंदीर मारायचो. "ताकद झाल्याशिवाय पुढं जाऊन काय करतं गा? मरतंच ना?" गुहेत शिरण्याआधी तो परतीची वाट दोनदा चालून बघायचा. परातेचे वडील नागपूरच्या इतवारीत हातमागावर बसायचे आणि लहानपणी तोही त्यांच्याशेजारी बसला होता. तो ठोका त्याच्या हातात मुरलेला होता. पडद्यावरचं जनावर किती वेळानं वार करतं ते तो टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायचा. खट खट, थांब, खट. मधल्या त्या थांबण्यात तलवार घालायची. आम्ही सगळे टेबलावर बोटं वाजवत बसायचो आणि आतून परातेची बायको, शांतावहिनी, म्हणायच्या, "अवं माय, माग तं केव्हाच इकला, तरी घरातला आवाज जाऊन नाही राहिला."

यात सगळ्यात बदलला तो दामले. अनंत दामले म्हणजे नागपूरच्या महाल वस्तीतल्या जुन्या कारकुनी घराण्यातला, पन्नाशीला टेकलेला, एकटा माणूस. हात किंचित कापायचे. ऑफिसात त्याला कुणी फारसं विचारत नसे आणि त्यालाही त्याची सवय झाली होती. पण तात्या गुहेतून जिवंत बाहेर आला आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये पोरंसोरं त्याला विचारू लागली, काय दामलेसाहेब, तात्या कुठवर? दामले चष्मा पुसत सविस्तर सांगायचा. मला एकदा बसमध्ये म्हणाला, "माझं काय चाललंय हे कुणी विचारत नाही रे. तात्याचं मात्र सगळे विचारतात." तो हे हसत म्हणाला होता. पण त्या रविवारपासून तो इस्त्रीचा शर्ट घालून खेळायला येऊ लागला, आणि हे माझ्या लक्षात आलं.

मग मेहुण्यानं दुसरी कॅसेट पाठवली. त्याच खेळाचा पुढचा भाग. पहिली पार केलेला वीरच त्यात घेऊन जाता यायचा, आणि गेला की त्याची दैना. जे लांडगे आम्ही सहज लोळवत होतो, त्यांचे भाऊबंद इथे दोन वारांत आडवे करायचे. मुळ्या जवळजवळ सापडायच्याच नाहीत. आणि सुरुवातीलाच एक पूल. पुलावर एक पहारेकरी उभा. त्याचा ठोका कुणालाच सापडेना. तो थांबायचा तो कधी लांब, कधी आखूड. आमच्यातले दोघंतिघं पहिल्या दोन रविवारांत खपले.

तेव्हा परातेनं नियम काढला. मेलेल्या वीराची कॅसेट पुसायची. नाहीतर काय, मेला की पुन्हा जुनी लावा, मेला की पुन्हा लावा. असल्या जगण्याले काय अर्थ आहे, असं तो म्हणाला. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, दोन बटणं एकदम दाबायची आणि कोरा आवाज भरू द्यायचा. तेवढा वेळ सगळ्यांनी उभं राहायचं. हसू यायचं पहिल्यांदा. नंतर येईनासं झालं. नियम कडक होता, आणि खरं सांगतो, त्या नियमामुळेच खेळाला चव आली होती.

दामल्याला धास्ती बसली. मुंबईच्या त्याच्या भाच्यानं त्याला एक इंग्रजी मासिक पाठवलं होतं. त्यात एक आकड्यांची ओळ छापलेली होती. कॅसेट चढताना ती ओळ टाइप केली की मुळ्या म्हणे संपतच नाहीत. त्यानं ते भीत भीत परातेपुढे ठेवलं. पराते असा काही चिडला की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "दामले, तू हिशेबात असे आकडे टाकतं का? मंग इथं काहून?" मग बराच वेळ तो इमानदारीवर बोलला. बापाच्या मागावर एक धागा चुकला तर बाप सारी किनार उसवायचा, असं काय काय. दामले मान खाली घालून ऐकत होता. शेवटी परातेनं ते मासिक दुमडून स्वतःच्या पिशवीत टाकलं. कुणाच्या हातात पडाले नको, म्हणाला.

त्यानंतर महिनाभरात शंभू पूल ओलांडून गेला.

आम्ही सगळे मागे उभे होतो. पहारेकऱ्याचा मार शंभूनं खाल्ला, पुष्कळ खाल्ला, पण प्रत्येक वेळी ऐन क्षणी परातेच्या बोटाखाली एक मुळी निघाली. आम्ही थक्क. एवढ्या मुळ्या आणल्या कुठून? पराते खिशातल्या अर्ध्या संत्र्यावर हात ठेवून म्हणाला, शिल्लक ठेवाव लागते गा. आम्हाला पटलं. आम्हाला न पटायचं कारणच नव्हतं. त्या माणसाला आम्ही वर्षानुवर्षं शिल्लक ठेवतानाच पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी दामले बसला. परातेनं आम्हाला बाहेर काढलं, दामल्याची कॅसेट चढवली, दार उघडलं. दरेक वीराची पाळी आली की सगळं नव्यानं चढवावं लागायचं. शंभूनं केलं तेच तात्या करणार, असं दामल्याला वाटत होतं. परातेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून ठोका धरला. खट खट, थांब. दामल्याचे हात कापत होते, तरी त्यानं पहारेकऱ्याला अर्ध्याहून खाली आणलं. मग एक वार बसला. दुसरा बसला. दामल्यानं मुळीची कळ दाबली, एक निघाली. पुन्हा दाबली. काही निघालं नाही. तो ती कळ दाबतच राहिला, तात्या पुलावर आडवा होईस्तोवर.

दामले म्हणाला, पराते, एवढा एकदा राहू दे. नुसता ठेवतो, खेळणार नाही. परातेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आवाजही अगदी मायेचा होता. "मेला तं मेला, दामले. आज तुले सोडलं तं उद्या सगळ्याइले सोडाव लागन." आणि त्यानं दोन बटणं दाबली. आम्ही उभे राहिलो. दामलेही उभा राहिला, हात पोटाशी बांधून. कॅसेट पूर्ण फिरेपर्यंत तो तसाच होता. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आल्या आणि आत न येता परत फिरल्या. तेव्हा मला वाटलं, बाईला वाईट वाटलं असेल.

दामले पुन्हा आला नाही. काही दिवसांनी त्यानं शहरातल्या ऑफिसात बदली मागून घेतली. कॅन्टीनमध्ये त्याला विचारायला कुणाकडे काही उरलं नव्हतं.

इकडे शंभू एकेक मुक्काम मारत निघाला. वसाहतीत परातेचं नाव झालं. संध्याकाळी त्याच्या खिडकीशी लोक थांबायचे. गणेशोत्सवाच्या आधी त्यानं दुसरी कॅसेट संपवली आणि उत्सव मंडळाच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की परातेचा सत्कार करायचा. क्लबच्या हॉलमध्ये, संगीत खुर्ची आणि बक्षीस समारंभ यांच्या मधे. शाल, श्रीफळ, मोठे साहेब अध्यक्ष. आता हसू येतं, पण तेव्हा आम्ही सगळे गंभीर होतो. पराते स्वतः शहरात जाऊन दामल्याला आमंत्रण देऊन आला. दामले आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि माझ्या शेजारी बसला.

शाल झाली, नारळ झाला. परातेनं चार शब्द बोलताना सबुरीचं महत्त्व सांगितलं आणि दामल्याचं नाव घेऊन म्हणाला, माझ्यापेक्षा हिमतीनं खेळणारा माणूस इथं बसला आहे. टाळ्या झाल्या. दामले लाजला. मोठ्या साहेबांना एकदम उत्साह आला. म्हणाले, अहो, नुसतं ऐकून काय, दाखवा तो पूल. मशीन शोभेसाठी आणून टेबलावर ठेवलेलंच होतं. पराते म्हणाला, चढवाले टाइम लागते साहेब. साहेब म्हणाले, लागू द्या. मग पराते म्हणाला, जवळ माणसं असली तर बिघडते, सगळ्यांना जरा बाहेर... साहेब मोठ्यांदा हसले. "पराते, तीस वर्षं विजेत काढली मी. माझ्या अंगातली वीज बायकोलासुद्धा लागत नाही, तुमच्या कॅसेटला काय लागणार?" सगळा हॉल हसला. पराते हसला नाही.

कॅसेट किरकिरत होती तेवढा वेळ मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याची बोटं कळांवर होती आणि हलत नव्हती. साहेब खुर्ची ओढून त्याच्या खांद्याशी बसले होते. एकदा त्यानं मागे वळून पाहिलं, दाराकडे. कुठेही गेला की आधी दार पाहून ठेवणारा हा माणूस. पण दार आणि तो यांच्यामध्ये त्या दिवशी सगळी वसाहत बसलेली होती.

शंभू पुलावर गेला. वसाहतीतला सगळ्यात तगडा वीर. पहारेकऱ्यानं दोन वार घातले, थांबला, तिसरा घातला. परातेचा ठोका चुकला. त्यानं मुळी काढली, आणखी एक काढली. मग कळ दाबली आणि काही निघालं नाही. पुन्हा दाबली. टप टप टप, तो आवाज मला ओळखीचा होता. शंभू आडवा झाला. पराते साहेबांकडे न पाहता म्हणाला, "व्होल्टेज कमी आहे."

वीज वसाहतीच्या हॉलमध्ये, मुख्य साहेबांच्या तोंडावर, तो हे म्हणाला. साहेब समजूतदार होते, बरं बरं म्हणून उठले. बहुतेकांना वाटलं, घाबरला असेल. पण मला एकदम आठवलं, पहिल्या कॅसेटच्या वेळी आम्ही सगळे खोलीतच बसायचो. दार लोटायचा रिवाज त्या मासिकानंतरचा. शंभूच्या पाळीला दाराआड तो ती ओळ टाइप करत होता. आणि दामल्याच्या पाळीला त्याच दाराआड बसून, तीच बोटं असताना, त्यानं ती टाइप केली नव्हती. हे मला कळलं तेव्हा माझी कानशिलं तापली. आजही तापतात. एकट्यानं खेळात लबाडी केली असती तर मी चार दिवस चिडवून सोडून दिलं असतं. पण ज्याला आकडे आणल्याबद्दल सगळ्यांसमोर झाडलं, त्याच्याच आकड्यांवर हा पूल ओलांडला, आणि त्याचा वीर पुसताना त्याच्याच पाठीवरून हात फिरवला.

दामल्याला माझ्याआधीच कळलं असावं. तो उठून शांतपणे टेबलाजवळ गेला. आवाज चढवला नाही. "पराते, शंभू मेला. कॅसेट पुसा."

परातेनं टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढली. क्षणभर हातात धरली. मग शालीखालच्या शर्टाच्या खिशात टाकली, संत्रं टाकायचा तशी, आणि निघून गेला. नारळ टेबलावरच राहिला. दामले माझ्याशेजारी परत आला. मग मला म्हणाला, शेवटची बस किती वाजता असते रे?

दुसऱ्या दिवशी वहिनी पाण्याच्या टाकीजवळ भेटल्या. मी न विचारताच म्हणाल्या, "मी सांगतलं होतं याइले, सांगून टाका दामलेभाऊले. म्हणाले, आता कसं सांगू, सारे माह्या तोंडाकडं पाहून राहिले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मला त्यांचीही चीड आली. प्रत्येक रविवारी आमच्या हातात चहा देऊन त्याच तर आम्हाला परसात गुंतवून ठेवत होत्या. परातेकडे जाणं मी बंद केलं. कामाच्या पाळीवर भेट झाली तर तो मान हलवायचा आणि मी दुसरीकडे पाहायचो. पुढच्या वर्षी तो वसाहतीतलं घर सोडून इतवारीत वडिलांच्या घरी राहायला गेला आणि तिथून जाऊन येऊन नोकरी करू लागला.

दोनेक वर्षांनी, एका दुपारी, मी बायकोसाठी लुगडं घ्यायला इतवारीत गेलो होतो. गल्लीत वहिनींनी हाक मारली, आणि वर या म्हणून अडूनच बसल्या. जिना चढून गेलो. माडीवर माग होता ती जागा रिकामी, भिंतीपाशी टेबल, टेबलावर तेच मशीन. पराते उघड्या अंगानं पाठमोरा बसलेला. केस पुष्कळ पिकले होते. मला पाहून त्याला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. बस, म्हणाला, आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. किरकिर सुरू झाली. आणि मी, जुन्या सवयीनं, दाराकडे निघालो.

"काहून उठून राहिला गा?" तो म्हणाला. "बस. काही होत नाही त्यानं."

मी उभाच राहिलो. पडद्यावर पूल आला. कोपऱ्यात वीराचं नाव आलं. तात्या.

त्यानं तात्याला पुलावर नेलं. टेबलावर डाव्या हाताची बोटं ठोका धरत होती. खेळत होता मात्र सरळ, हे मान्य करायला हवं. कॅसेट चढताना त्याचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मी त्यांच्यावरून नजर काढली नव्हती. पहारेकऱ्याला त्यानं अगदी थोडक्यावर आणलं. मग मुळ्या संपल्या आणि तात्या पडला. परातेनं उसासासुद्धा टाकला नाही. तात्याची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, दोन बटणं दाबली आणि उठून उभा राहिला, हात पोटाशी बांधून.

मी विचारलं, कितवी वेळ?

"मोजलं नाही. पुन्हा उंदरापासून चालू करतो." मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "दामले भेटते का तुले? सांगशील त्याले?"

"काय सांगू?"

तो टेपरेकॉर्डरकडे पाहत राहिला. कॅसेट फिरत होती. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर कदाचित विरघळला असता. मला मात्र एवढंच दिसत होतं, की दामल्याचा जो तात्या यानं पुसला, त्याचं नावही आता याच्याच घरी होतं, आणि तो मरायचा तोही याच्याच हातून. वहिनींनी बशीत संत्र्याच्या फोडी आणून ठेवल्या. मी त्यांना हात लावला नाही. जिना उतरून खाली आलो तरी वर तो तसाच उभा असणार, कारण बटणं सुटल्याचा खटका मला गल्लीत पाऊल टाकल्यावर ऐकू आला.

दामले महिन्यातून एकदा भेटायचा, सीताबर्डीवर, पोह्याच्या गाडीपाशी. त्या आठवड्यातही भेटला. पोह्यांवर तिखट तर्री वाढून घेत त्यानं सहज विचारलं, परातेची काही खबर?

मी म्हणालो, नाही.